फ्रिक्शन स्टर वेल्डिंग आणि ६०६१ मिश्रधातूची सूक्ष्मरचना : प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटरीखालचे ट्रे आणि बॅटरी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पट्ट्या ६००० मालिकेतील ॲल्युमिनियमपासून मोठ्या प्रमाणावर बनतात, आणि त्या जोडण्यासाठी फ्रिक्शन स्टर वेल्डिंग सर्रास वापरले जाते. चाकणच्या परिसरात या जोडांची चर्चा वारंवार कानावर येत असल्यामुळे प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. १९९१ साली केंब्रिजजवळच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत शोधली. तिच्यात धातू वितळत नाही. खांदा आणि पिन असलेले फिरते टूल दोन पाट्यांच्या सांध्यात उतरते, घर्षणाने धातू मऊ होतो आणि कणीक तिंबावी तसा पिनभोवती फिरून मागे एकजीव होतो.

आज सरांना आराखडा दाखवला. त्यात बारीक झालेल्या स्फटिककणांवरच सगळा भर होता. तो वाचून सर म्हणाले, "बारीक कणांचे छायाचित्र सगळेच काढतात. तुमचा जोड कुठे तुटणार आणि तिथेच का तुटणार, हे आधी सांगा." प्रकल्पाचा प्रश्न यातूनच ठरला.

धातू ६०६१-टी६, जाडी ६ मिलिमीटर. या मिश्रधातूत साधारण १ टक्का मॅग्नेशियम, ०.६ टक्का सिलिकॉन आणि थोडे तांबे असते. टी६ म्हणजे धातू सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून मॅग्नेशियम व सिलिकॉन विरघळवायचे, पाण्यात बुडवून ते तसेच अडकवून ठेवायचे आणि मग १६० ते १७५ अंशांना काही तास ठेवून त्यांचे अवक्षेप, म्हणजे अतिसूक्ष्म घन गाठी, हळूहळू बाहेर पडू द्यायचे. या अवक्षेपांपैकी बीटा-डबल-प्राइम नावाच्या सुया सुमारे ४ नॅनोमीटर जाड आणि काही दहा नॅनोमीटर लांब असतात. ६०६१ ची ताकद मुख्यतः या सुयांची आहे, कणांच्या आकाराची नाही. पुढच्या प्रत्येक नोंदीत हे ध्यानात ठेवावे लागेल.

१९ जुलै

टूल तयार होऊन आले. एच-१३ पोलादाचे असून हार्डनिंग केलेले आहे. खांद्याचा व्यास १८ मिलिमीटर, पिनचा व्यास ६ मिलिमीटर आणि पिनची लांबी ५.७ मिलिमीटर आहे. पाटीच्या जाडीपेक्षा पिन थोडी आखूड ठेवली आहे, म्हणजे ती खालच्या आधारपट्टीला घासणार नाही. पिनवर आटे आहेत. मिलिंग मशिनच्या उभ्या स्पिंडलवर टूल बसवून हेड २ अंश मागे झुकवले.

२६ जुलै

पहिला जोड ७१० फेरे आणि १०० मिलिमीटर प्रतिमिनिट वेगाने केला. पृष्ठभाग इतका स्वच्छ आला की यश मिळाले अशीच आमची समजूत झाली. आडवा छेद घेऊन पॉलिश केल्यावर मात्र तळाशी, अग्रगामी बाजूला, सुमारे अर्धा मिलिमीटर रुंदीची पोकळी डोळ्यांनाही दिसली. जोडाच्या पूर्ण लांबीत ती बोगद्यासारखी गेली असणार, कारण तीन ठिकाणच्या छेदांत ती जवळजवळ एकाच जागी सापडली.

टूल ज्या दिशेने पुढे सरकते त्याच दिशेने जिथे त्याचा परीघही फिरतो, ती अग्रगामी बाजू. समोरच्या बाजूला परीघ उलट दिशेने फिरतो. तिला या नोंदींत परतीची बाजू म्हटले आहे. अग्रगामी बाजूचा धातू पिनच्या मागे वाहत जातो आणि तिथली जागा भरण्यासाठी परतीच्या बाजूचा धातू वळसा घालून यावा लागतो. तो पुरेसा मऊ नसेल किंवा खाली दाबला जात नसेल, तर तळाशी जागा रिकामी राहते.

३० जुलै

पोकळीचे एक कारण माझ्याच ड्रॉइंगमध्ये निघाले. आट्यांची दिशा मी लिहिलीच नव्हती, म्हणून टर्नरने नेहमीप्रमाणे उजवे आटे पाडले. स्पिंडल वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. उजव्या आट्यांचा स्क्रू तसा फिरला की स्वतः खाली जातो आणि त्याच्याभोवतीचा पदार्थ वर चढतो. आमच्या मशिनवर पिन खाली सरकू शकत नसल्यामुळे तिने मऊ धातू वर खांद्याकडे ओढला आणि तळ उपाशी राहिला. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पिनला डावे आटे हवेत. ज्येष्ठ टर्नरांनी दोन मिनिटांत एक स्क्रू आणि ओल्या मातीचा गोळा घेऊन हे मला हातावर दाखवले.

९ ऑगस्ट

डाव्या आट्यांचे टूल. वेग मुद्दाम पूर्वीचेच ठेवले, नाहीतर कशाचा परिणाम झाला हे कळले नसते. पोकळी बरीच लहान झाली, पण गेली नाही. दिशा सुधारली तरी उष्णता अजून कमी पडते, असा निष्कर्ष काढला.

२२ ऑगस्ट

११२० फेरे, ६३ मिलिमीटर प्रतिमिनिट. छेदात पोकळी नाही. पृष्ठभागावर थोडी फ्लॅश (खांद्याखालून बाहेर आलेला धातू) आली, ती कानसने काढून टाकली.

जोडाच्या पृष्ठभागावर अर्धवर्तुळाकार कडा एकामागून एक उमटलेल्या असतात. भिंगाखाली २० कडांमधले अंतर मोजले, ते १.१ मिलिमीटर भरले. हिशेबाने एका फेऱ्यात टूल ६३ भागिले ११२०, म्हणजे सुमारे ०.०५६ मिलिमीटर पुढे सरकते आणि २० फेऱ्यांत १.१२ मिलिमीटर. प्रत्येक कड म्हणजे टूलचा एक फेरा, हे स्वतः मोजून पटले. छेदात दिसणाऱ्या कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या वलयांचे अंतरही याच मापाशी जुळते.

के-प्रकारचे थर्मोकपल जोडरेषेपासून १० मिलिमीटरवर, जाडीच्या मध्यावर बसवले होते. तिथे कमाल तापमान सुमारे ३५० अंश नोंदले गेले, अग्रगामी बाजूला थोडे अधिक. पिनलगत ते याहून बरेच जास्त असणार, तरीही ६०६१ वितळू लागते त्या ५८२ अंशांच्या खालीच. नगेटमध्ये, म्हणजे पिनने ढवळलेल्या मधल्या भागात, वितळून पुन्हा गोठल्याची फांद्यांसारखी रचना सापडत नाही, ती यामुळेच.

२३ ऑगस्ट

आज व्हिकर्स काठिण्य मोजले, म्हणजे हिऱ्याचे टोक ठरावीक भाराने दाबून उमटलेला ठसा मोजला; ठसा जितका मोठा तितका धातू मऊ. २०० ग्रॅम भार, १५ सेकंद, मध्यरेषेवर दर अर्ध्या मिलिमीटरला एक ठसा, दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटरपर्यंत. एकूण १०१ ठसे, सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत.

नमुन्याच्या माउंटिंगबद्दल, म्हणजे पॉलिश करण्यासाठी तो राळेत पुरण्याबद्दल, एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. प्रयोगशाळेत बेकेलाइटचे गरम माउंटिंग सर्वांत सोपे पडते, पण त्यात नमुना काही मिनिटे १५० अंशांच्या पुढे राहतो. ताज्या जोडातील नगेटमध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन विरघळलेल्या स्थितीत असल्यामुळे ही काही मिनिटेही त्याला नवे अवक्षेप देऊ शकतात, म्हणजे जे मोजायचे तेच मोजण्याआधी बदलते. म्हणून हळू घट्ट होणाऱ्या थंड इपॉक्सीत माउंट केले. एक दिवस अधिक गेला, तो जाऊ दिला.

मूळ धातू १०७ च्या आसपास. जोडाकडे सरकताना आकडे उतरू लागतात आणि जोडरेषेपासून सुमारे साडेनऊ मिलिमीटरवर, दोन्ही बाजूंना, ६३ पर्यंत खाली येतात. तिथून मध्याकडे आल्यावर ते पुन्हा चढतात आणि नगेटमध्ये ७० ते ७२ वर स्थिरावतात. आलेखाला इंग्रजी डब्ल्यू अक्षराचा आकार येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली हे ठसे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा आकड्यांपेक्षाही जास्त उमजले. मूळ धातूतला ठसा कर्णावर ५९ मायक्रॉन, नगेटच्या बाहेर नुसती उष्णता लागलेल्या, म्हणजे उष्णता-बाधित, पट्ट्यातला ७७ मायक्रॉन. धातू तोच, भार तोच, हिरा तोच. एक ठसा नेटका चौकोन, तर दुसरा असा की टोक लोण्यात रुतले असावे. या दोन ठशांमधले अंतर पाव इंचाइतकेही नाही.

२७ ऑगस्ट

एचिंग, म्हणजे कण दिसावेत म्हणून पॉलिश केलेला पृष्ठभाग आम्लाने हलकेच कोरणे. आधी केलर द्रावण वापरले. त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असल्यामुळे हातमोजे, चष्मा आणि फ्यूम हूड यांशिवाय बाटलीला हात लावला नाही आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल शेजारी ठेवले. हे आम्ल त्वचेला लागल्यावर दुखणे उशिरा सुरू होते, आणि तोवर ते आत शिरलेले असते.

केलरने पट्टे दिसले, पण ६०६१ चे कण नीट उघडले नाहीत. म्हणून बार्करची पद्धत घेतली : पाण्यात थोडे फ्लुओबोरिक आम्ल, २० व्होल्ट डीसी, नमुना धनाग्राला, सुमारे एक मिनिट. इपॉक्सीत पुरलेल्या नमुन्याला वीज पोहोचेना, तेव्हा मागून छिद्र पाडून तांब्याची तार घातली. नंतर ध्रुवीकृत प्रकाशात नमुना ठेवला तेव्हा प्रत्येक कण आपापल्या रंगात दिसला, निळा, जांभळा, पिवळा, करडा. खोलीतले सगळे पाहायला आले.

मूळ धातूत रोलिंगच्या दिशेने लांबलेले, दडपे मारून बसवल्यासारखे चपटे कण आहेत, लांबी १०० मायक्रॉनहून अधिक. त्यांच्या मधोमध नगेट आहे आणि त्यातले कण सर्व बाजूंनी सारखे, सरासरी ८ ते १० मायक्रॉन आहेत. वरच्या भागात ते थोडे मोठे, तळाशी थोडे लहान निघाले. वर खांद्याची उष्णता असते, तर तळाची उष्णता पोलादी आधारपट्टी शोषून घेते.

नगेटच्या कडेला कण मोडलेले नाहीत, नुसते वाकले आहेत. चपटे पापुद्रे पिनच्या दिशेने वर वळतात, ओढ्याच्या काठचे गवत पुराच्या दिशेने लवावे तसे. अग्रगामी बाजूला नगेट आणि हा विरूपित पट्टा यांची सीमा सुरीने आखल्यासारखी आहे, तर परतीच्या बाजूला ती पुसट होत जाते.

त्याच्या बाहेर उष्णता-बाधित पट्टा. बार्करच्या रंगांत तो मूळ धातूपासून वेगळा ओळखूच येत नाही. कण तेवढेच, आकार तोच. २३ ऑगस्टला सर्वांत मोठा ठसा इथेच उमटला होता. प्रकाश-सूक्ष्मदर्शक ज्याला "काही झाले नाही" म्हणतो तो भाग सर्वांत कमकुवत आहे, आणि माझ्या मूळ आराखड्यात याच भागाला एकही ओळ दिलेली नव्हती.

२८ ऑगस्ट

काल दिसलेल्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न.

नगेट : तापमान आणि विरूपण दोन्ही कमालीचे. ॲल्युमिनियममध्ये डिसलोकेशन, म्हणजे स्फटिकातले सरकू शकणारे रेषेसारखे दोष, सहज एका पातळीतून दुसरीत जातात, म्हणून त्यांची गर्दी साचून एकदम नवे कण जन्माला येण्यापेक्षा त्या आधी छोट्या भिंतींमध्ये रचल्या जातात. विरूपण चालूच राहिले की या भिंतींचा कोन वाढत जातो आणि अखेर त्या खऱ्या कण-सीमा बनतात. यालाच अखंड गतिक पुनर्स्फटिकीकरण म्हणतात. विरूपित पट्ट्यात हीच क्रिया सुरू होते, पण उष्णता आणि विरूपण कमी असल्यामुळे अर्ध्यावर थांबते. नगेटमध्ये दुसरीही एक गोष्ट घडते. टी६ च्या सुया विरघळतात, आणि टूल पुढे गेल्यावर थंड होणे जलद असल्यामुळे मॅग्नेशियम-सिलिकॉन विरघळलेलेच राहतात. बारीक कणांनी जे थोडे मिळवले त्याच्या कितीतरी पट सुया गमावून गेले, म्हणून नगेट मूळ धातूपेक्षा मऊ आहे.

उष्णता-बाधित पट्टा : इथले ३५० अंश सगळे विरघळवण्यासाठी अपुरे, पण सुया नासवण्यासाठी पुरेसे आहेत. बारीक सुया विरघळतात आणि त्यांचे द्रव्य थोड्याशा जाड बीटा-प्राइम कांड्यांकडे जाते. कांड्या मोठ्या झाल्या, संख्या घटली, मधले अंतर वाढले. डिसलोकेशनना वाट मोकळी झाली.

हे खरे असेल तर त्याच्या दोन कसोट्या आहेत. दिवस जातील तसा नगेट कठीण होत जायला हवा, कारण त्याच्याकडे विरघळलेले द्रव्य आहे. आणि उष्णता-बाधित पट्टा जिथल्या तिथे राहायला हवा.

३० ऑगस्ट

आठव्या दिवशीचे काठिण्य. पहिल्या रेषेपासून ०.४ मिलिमीटर वर समांतर रेषा घेतली, म्हणजे जुन्या ठशांभोवतीचा ताणलेला धातू आड येणार नाही. नगेट ७५. किमान आकडा ६३.

२६ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीमुळे मधली मोजणी करता आली नाही. आज जोडाला ३५ दिवस झाले. नगेट ७९ ते ८१, उष्णता-बाधित पट्टा ६३ ते ६४. नमुना कपाटातल्या डबीत नुसता पडून होता आणि तेवढ्या काळात नगेट सुमारे दहा अंकांनी चढला. हा मुद्दा अहवालात ठळकपणे मांडायला हवा, कारण जोडाचे काठिण्य सांगताना तो किती दिवसांनी मोजला हे लिहिले नाही तर दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळणारच नाहीत.

४ ऑक्टोबर

ताण चाचणी, चार नमुने. चारही उष्णता-बाधित पट्ट्यात तुटले, तेही परतीच्या बाजूला, जोडरेषेपासून ९ ते १० मिलिमीटरवर, सुमारे ४५ अंशांच्या तिरप्या पातळीत. कमाल ताण २०५ ते २१२ मेगापास्कल, तर मूळ धातूचा ३१२. म्हणजे मूळ धातूच्या सुमारे दोन-तृतीयांश. तुटण्याआधी त्या जागी धातू आत खचलेला स्पष्ट दिसत होता, आणि नगेटवरच्या कडांना धक्काही लागला नव्हता.

ताणवाढीचा आकडा कमी आला आहे, पण त्यावरून धातू ठिसूळ झाला असे म्हणता येणार नाही. सगळी ताणवाढ एका अरुंद मऊ पट्ट्यात गोळा होते, आणि यंत्र मात्र ती पूर्ण गेज लांबीवर, म्हणजे नमुन्याच्या मोजणीसाठी धरलेल्या लांबीवर, वाटून टाकते.

सरांना फोन करून कळवले. ते म्हणाले, "आता छायाचित्र लावा."

१४ ऑक्टोबर

वेल्डिंगनंतरची उष्णताप्रक्रिया, पहिला प्रकार : १७५ अंश, ८ तास. नगेट ९८ पर्यंत चढला. उष्णता-बाधित पट्टा ६७. नगेटमधले द्रव्य मोकळे होते, म्हणून त्याच्या नव्या सुया झाल्या. पट्ट्यातले द्रव्य जाड कांड्यांमध्ये आधीच बांधले गेले होते, त्यामुळे ओव्हनला तिथे करायला काही उरले नाही. ताण चाचणीत नमुना पुन्हा तिथेच तुटला.

दुजोरा म्हणून एडी-करंट पद्धतीने विद्युतवाहकताही मोजली. विरघळलेले अणू इलेक्ट्रॉनच्या वाटेत अडथळा आणतात, म्हणून सगळे विरघळलेले असताना ६०६१ ची वाहकता शुद्ध तांब्याच्या सुमारे ४० टक्के, टी६ मध्ये ४३ आणि पूर्ण मऊ केलेल्या अवस्थेत ४७ असते. उष्णताप्रक्रियेपूर्वीच्या तुकड्यावर नगेटचा आकडा टी६ पेक्षा कमी आणि उष्णता-बाधित पट्ट्याचा जास्त आला. प्रोबचा व्यास पट्ट्याच्या रुंदीइतकाच असल्यामुळे नेमका आकडा इथे लिहीत नाही, पण दिशा दोन्हीकडे अपेक्षेप्रमाणेच आहे. आमच्याकडे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही. या साध्या मोजणीने सुयांचा हिशेब आडवाटेने का होईना, तपासता आला.

२४ ऑक्टोबर

दुसरा प्रकार : ५३० अंशांना एक तास, पाण्यात बुडवणे, पुन्हा १७५ अंशांना ८ तास. काठिण्याचा डब्ल्यू नाहीसा झाला आणि सगळीकडे १०५ च्या आसपास आकडे आले. हाती घेतलेला प्रश्न सुटला असे एक तासभर वाटले.

मग एचिंग केले. नगेटमधले ८ मायक्रॉनचे कण गेले होते. त्यांच्या जागी काही थोडे कण बाकीच्यांना गिळून मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढले होते, इतके की नमुना खिडकीपाशी तिरपा धरला तर साध्या डोळ्यांनी त्यांच्या कडा मोजता येत होत्या. सीमा अडवून धरणारे कांड्या-अवक्षेप ५३० अंशांना विरघळले, काही सीमा सुटल्या आणि अडथळ्याविना धावल्या. वाकवण्याच्या चाचणीत याच मोठ्या कणांच्या सीमेवर तडा गेला. शिवाय मोठा ट्रे पाण्यात बुडवला तर तो वाकणारच. हा मार्ग कागदावर बरोबर असला तरी कामाचा नाही.

७ नोव्हेंबर

दिवाळीनंतर तुलनेसाठी ५०८३-ओ पाट्यांचा एक जोड केला. हा मिश्रधातू सुयांच्या जोरावर चालत नाही. काठिण्याची रेषा जवळजवळ सपाट आली आणि नगेट थोडा वर राहिला. बारीक कणांचा लाभ इथे खरोखर दिसतो, कारण गमावण्यासारख्या सुया मुळात नव्हत्या. एवढीच नोंद पुरेशी आहे.

११ नोव्हेंबर

मऊ पट्टा प्रक्रियेनंतर भरून काढता येत नसेल, तर जोड करतानाच तो अरुंद करायला हवा. आज फेरे ११२० ठेवून वेग १०० मिलिमीटरपर्यंत वाढवला. पोकळी आढळली नाही, पण तळाशी जुन्या सांध्याच्या ऑक्साइडची फिकट, नागमोडी रेघ राहिली. तिच्यावर लक्ष ठेवावे लागेल. १० मिलिमीटरवरचे कमाल तापमान पूर्वीपेक्षा कमी भरले आणि तिथला धातू गरम राहिल्याचा काळही आखूड झाला.

१२ नोव्हेंबर

कालच्या जोडाचे पहिल्या दिवसाचे काठिण्य : किमान ६८, जागा जोडरेषेकडे सुमारे एक मिलिमीटर सरकलेली, मऊ पट्टा अरुंद. नगेट ७१. तळाच्या रेघेसाठी मुळाकडून वाकवण्याचे दोन नमुने कापायला दिले. ताण चाचणीचे नमुने ३५ दिवस तसेच ठेवायचे आहेत, म्हणजे २२ ऑगस्टच्या जोडाशी तुलना समान वयावर होईल. तारीख डबीवर लिहिली आहे : १६ डिसेंबर.